लस पासपोर्टाला, प्राण वाऱ्यावर!

जुलैतली संध्याकाळ, पुण्यातल्या एका दवाखान्याबाहेरचा बाक. बाकाच्या एका टोकाला अमेरिकेला शिकायला निघालेला मुलगा. हातात विद्यापीठाचा छापील फॉर्म, शेजारी आई, आईच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. फॉर्मवर एका रकान्याला लाल खूण: मेनिंगोकोकल लस, तारीख, डॉक्टरांचा शिक्का. दुसऱ्या टोकाला मुळशीकडचा पंचविशीतला तरुण, सोबत थोरला भाऊ. कारखान्यात नोकरी लागली होती, म्हणून फिटनेस सर्टिफिकेटसाठी आला होता. विद्यार्थ्याचे काम दहा मिनिटांत आटोपले. लस टोचली, शिक्का बसला, आईने पैसे मोजले. मग तरुणाची पाळी आली. तपासताना डॉक्टरांना पोटावरचा उभा व्रण दिसला. ‘‘हा कसला?’’ दीड वर्षापूर्वी मोटारसायकल घसरली, पानथरी फुटली, रातोरात काढावी लागली, असे भावाने सांगितले. ‘‘मग लशी घेतल्या का?’’ दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ‘‘कसल्या लशी, डॉक्टर?’’

भावाने खिशातून घडी पडून मऊ झालेले डिस्चार्ज कार्ड काढले. ते आम्ही स्वतः वाचले. टाके दहाव्या दिवशी. तीन महिने जड उचलू नये. तेलकट-तिखट वर्ज्य. संपले! जो अवयव रक्तातल्या जंतूंवर पहारा देतो, तो पोटातून काढून टाकला. आणि पहारेकरी गेल्यावर घराला कुलूप लावा, एवढे सांगायलाही त्या कार्डावर कोणाला सवड झाली नाही. पण तेलकट-तिखटाची मात्र केवढी काळजी!

आमचा आजचा सवाल एवढाच आहे. मेंदूच्या आवरणाचा दाह करणाऱ्या जंतूंवर लस आहे, ती सुरक्षित आहे, ती याच शहरात मिळते. मग ती कोणाला द्यायची, हे या देशात कोण ठरवते? विद्यार्थ्याला ती मिळाली, कारण परदेशातल्या विद्यापीठाने मागितली. टेक्सासमध्ये तर कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या बावीस वर्षांखालच्या मुलाला ती कायद्यानेच घ्यावी लागते. हजला जाणाऱ्या यात्रेकरूला ती मिळते, कारण सौदी अरेबियाने मागितली. श्रीमंताच्या धडधाकट बाळाला मिळते, कारण आईबापांना ती परवडते. आणि ज्याच्या देहालाच तिची गरज आहे, त्याला? त्याच्यासाठी कोणतेही सरकार, कोणतेही विद्यापीठ, कोणताही व्हिसा अधिकारी तगादा लावत नाही. म्हणून त्याला मिळत नाही. आपल्याकडे लशीची पात्रता शरीराच्या धोक्यावर ठरत नाही. ती पासपोर्टावर आणि पाकिटावर ठरते. ही निव्वळ लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

हजच्या लसीकरणाबद्दल कोणी वाकडा शब्द काढू नये. ते जसे व्हायला हवे तसेच होते. १९८७ च्या हजमध्ये ‘ए’ गटाच्या मेनिंगोकोकसची साथ उसळली, तेव्हा सौदी सरकारने लस सक्तीची केली. २००० आणि २००१ मध्ये ‘डब्ल्यू’ गटाने डोके वर काढले, आणि यात्रेकरूंबरोबर तो जंतू देशोदेशी पोचला. तेव्हापासून ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही गटांवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मग आपल्याकडे काय होते? यादी तयार होते, जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरे लागतात, शीतपेट्यांतून लस येते, म्हाताऱ्या माणसांना नावाने हाक मारून बोलावले जाते, आरोग्य कार्डावर नोंद होते. एकही यात्रेकरू सुटत नाही. हे शिबिर म्हणजे शासनाच्या कर्तबगारीचा पुरावा आहे, आणि त्याच वेळी शासनाच्या नाकर्तेपणाचाही. जमत नाही, ही सबब तिथेच खोटी ठरते. दुसऱ्या देशाने दटावले की जमते. आपल्याच माणसाच्या जिवाची हाक आली की कान बहिरे होतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता हा रोग काय आहे, ते समजून घेऊ. आपल्याकडे ‘मेंदूज्वर’ या एका शब्दात दहा रोग कोंबलेले असतात आणि घराघरात ‘ताप डोक्यात गेला’ एवढ्यावर निदान आटोपते. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते तेव्हा दर सहा रुग्णांतला एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी पाचांतल्या एकाला कायमचे व्यंग येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोणाचे ऐकू येणे जाते, कोणाला फिट्स सुरू होतात, कोणाची बोटे काळी पडून कापावी लागतात. हा घाला घालणारे मुख्य चोर तीन: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब. क्षयाचा जंतू हा चौथा, सावकाश पोखरणारा. पहिल्या तिघांच्या अंगावर साखरेचा गुळगुळीत अंगरखा असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहजी पकडता येत नाही. पकडण्याचे काम मुख्यतः पानथरी करते. ती गेली, की हे जंतू रक्तात मोकाट वाढतात. सकाळी कणकण, दुपारी ग्लानी, रात्री व्हेंटिलेटर, अशी ही धाव आहे. पानथरी नसलेल्या माणसाचा ताप हा साधा ताप नसतो. ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला परीक्षेपुरती पाठ असते. रुग्णाला मात्र ती कोणी सांगत नाही.

आणि पानथरी केवळ अपघातात जात नाही. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, पालघरच्या पाड्यांवर सिकलसेलचे पोर जन्मते, तेव्हा पानथरी पोटात असते. पण कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी तिच्या बारीक वाहिन्यांत अडकत जातात, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत ती सुकून निकामी होते. पोटात असून नसल्यासारखी! १ जुलै २०२३ रोजी शहडोलला मोठ्या समारंभात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांच्या रक्ताची तपासणी करायची, २०४७ पर्यंत रोग हटवायचा, असा संकल्प सोडला गेला. संकल्पाला आमचा नमस्कार. पण २०४७ उजाडेपर्यंत आज जन्मलेल्या पोराने जगायचे कसे? रक्त तपासून कार्ड हातात दिले, लग्न जुळवताना काय बघायचे ते समजावले, आणि न्यूमोकोकसची लस, मेनिंगोकोकसची लस, लहानपणी रोजची पेनिसिलिनची गोळी यांची आठवण ठेवली नाही, तर ते कार्ड म्हणजे रोगाचे नुसते बारसे झाले! न्यूमोकोकसची लस बाळांना सरकारी कार्यक्रमातून देशभर मिळू लागली ती २०२१ पासून. म्हणजे त्याआधी जन्मलेली सिकलसेलची मुले, जी आज आश्रमशाळेच्या एकाच खोलीत पन्नासजणांत झोपतात, ती या लशीच्या गाडीतून खालीच राहिली. त्यांना शोधून टोचण्याची जबाबदारी कोणाची?

जबाबदारीचे नाव काढले, की आपल्या आरोग्यव्यवस्थेत टोलवाटोलवीचा खेळ रंगतो. सर्जन म्हणतात, आमचे काम ऑपरेशनचे. लशी बालरोगतज्ज्ञ बघतील. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, हा पंचवीस वर्षांचा बाप्या आमच्याकडे कसा येईल? फॅमिली डॉक्टर म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलने काही लिहिलेले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणते, आमच्या यादीत ही लस नाही. यादीत नाही हे खरेच, कारण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मेनिंगोकोकसच्या लशीला स्थान नाही. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत जाणते डॉक्टर स्वतःच्या हिमतीवर खटपट करून रुग्णांना लशी मिळवून देतात. त्यांचे उपकार आहेत. पण एखाद्या डॉक्टरच्या चांगुलपणावर ज्या राज्याचे आरोग्य चालते, त्या राज्यात आरोग्यखाते हवे तरी कशाला?

या अनास्थेला एक शहाणी सबब नेहमी पुढे केली जाते: मेनिंगोकोकस आपल्याकडे आहेच कुठे? जरा इतिहास उघडा. १९६६ मध्ये दिल्ली, १९८५ मध्ये पुन्हा दिल्ली, २००५ मध्ये तिसऱ्यांदा दिल्ली, २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरा. आणि साथ नसते तेव्हा किती रुग्ण होतात, हे कळणार कसे? तापाचा रुग्ण आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो, तिथे त्याला अँटिबायोटिकची सुई मिळते. मोठ्या रुग्णालयात डॉक्टर पाठीतले पाणी काढायचे म्हणतात, तर नातेवाईक हात धरतात. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो, हे खूळ अजून आपल्या डोक्यातून गेलेले नाही. अखेर पाणी निघते, तोवर जंतू औषधाने अर्धमेले झालेले असतात आणि प्रयोगशाळेत उगवतच नाहीत. कागदावर लिहिले जाते: जंतू आढळला नाही. आणि अशा कागदांची बेरीज करून वर अहवाल जातो, की हा रोग आपल्याकडे नगण्य आहे! डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला तरी दुधाची चव कळते. आमच्या व्यवस्थेला तेवढेही सुख नाही.

तरीही आम्ही अतिरेकी मागणी करणार नाही. देशातल्या प्रत्येक बाळाला मेनिंगोकोकसची लस टोचा, असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडसारख्या देशाने २०१५ पासून तान्ह्या बाळांना आणि कॉलेजच्या मुलांना ती सरकारी खर्चाने दिली, ती तिथल्या रोगाचा हिशेब मांडून. आपला हिशेब वेगळा असू शकतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही ही लस सरसकट नव्हे, तर जास्त धोका असलेल्यांना द्या, असेच सांगते. आमचे भांडण नेमके इथे आहे. शास्त्र म्हणते, धोका असलेल्याला आधी द्या. बाजार म्हणतो, पैसे असलेल्याला आधी द्या. आणि सरकार गप्प बसून बाजाराला मान डोलावते. म्हणून कोथरूडच्या गुटगुटीत बाळाच्या फायलीत ही लस सापडते आणि धडगावच्या सिकलसेलच्या पोराच्या कार्डावर सापडत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या कमरेला एक पट्टा आहे. तिथे दर काही वर्षांनी उन्हाळ्यातल्या धुळीबरोबर या रोगाचे वादळ येत असे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जगाला सांगितले, आम्हाला डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत परवडेल अशी लस द्या. मोठ्या देशांच्या कंपन्यांनी पाठ फिरवली. ती लस बनवली पुण्याने! हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये टोचायला सुरुवात झाली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ‘ए’ गटाची साथ त्या पट्ट्यातून जवळपास नाहीशी झाली. २०२३ मध्ये त्याच संस्थेच्या पाच गटांवरच्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. पुणेकरांनी छाती फुगवावी, अशीच ही गोष्ट. पण हडपसरहून निघालेली कुपी सहारा वाळवंटाच्या काठावरच्या झोपडीत पोचते, आणि हडपसरपासून फार दूर नसलेल्या मुळशीच्या पोराला अशी काही लस असते हेसुद्धा ठाऊक नसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

जनतेच्या पदरातही थोडे माप घातले पाहिजे. सरकार जे फुकट देते, त्याची तरी आपल्याला किंमत आहे का? जन्मताच बीसीजी, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, त्यातच हिबची लस. दीड आणि साडेतीन महिन्यांना न्यूमोकोकसची लस आणि नवव्या महिन्यात तिचा बूस्टर. मेंदूच्या आवरणाचा दाह रोखणारे हे तीन पहारेकरी प्रत्येक बाळाला उपकेंद्रात एक पैसा न देता मिळतात. पण पहिल्या सुईनंतर बाळाला ताप आला, मांडी सुजली, रात्रभर रडले, की सासूबाई म्हणतात, ‘‘पुढची नको गं, पोर हैराण होतंय.’’ आणि आशाताई दारात आल्या की घरात कोणी नसते! ज्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देशातली पहिली देवीची लस टोचली, ज्या मुंबईत १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात घेतली, त्या मुंबईच्या राज्यात सव्वादोनशे वर्षांनीही सुईला भिऊन दार लावून घेणे शोभते काय?

म्हणून वाचकहो, अग्रलेखाचा एवढा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पानथरी काढलेली आहे, सिकलसेल आहे, थॅलेसेमियामुळे पानथरी काढली किंवा काढायची आहे, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट घटकांची जन्मजात कमतरता आहे, एचआयव्हीचा संसर्ग आहे: यांनी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लशींबद्दल आपल्या डॉक्टरांना स्वतः होऊन विचारावे. कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्यांनी आणि डोक्याला मार लागून नाकाकानातून मेंदूतले पाणी झिरपणाऱ्यांनी न्यूमोकोकसच्या लशीचे विचारावे. पानथरीचे ऑपरेशन ठरवून होणार असेल, तर लशी दोन आठवडे आधी घ्याव्यात; अपघातात काढावी लागली, तर साधारण दोन आठवड्यांनी. मेनिंगोकोकसचा बूस्टर दर पाच वर्षांनी लागतो. फ्लूची लस दरवर्षी. कोणती लस आधी आणि कोणती नंतर, यालाही क्रम आहे; तो डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

आणि लस घेतली म्हणून निर्धास्त होऊ नये. पानथरी नसलेल्याला थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे, ‘‘मला पानथरी नाही.’’ हे तीन शब्द खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. इतरांनीही लक्षणे ओळखावीत: ताप, मान अवघडणे, उजेड सहन न होणे, उलट्या, असंबद्ध बडबड, दाबले तरी फिकट न होणारे लालजांभळे डाग. सावळ्या कातडीवर ते डाग चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत पाहावे. तान्ह्या बाळाची मान अवघडेलच असे नाही. त्याची टाळू फुगते, ते किंचाळल्यासारखे रडते, अंगावर ओढत नाही. डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढायचे म्हटले, तर हात धरू नका. त्याने कोणी लुळे होत नाही. न काढल्याने मात्र चुकीचे औषध चालू राहते. घरातल्या कोणाला मेनिंगोकोकसचा आजार झालाच, तर गल्लीभर लशीसाठी धावाधाव करू नये. लशीला काम करायला दहा-बारा दिवस लागतात. रुग्णाच्या अगदी निकट राहिलेल्यांना शक्यतो चोवीस तासांच्या आत प्रतिबंधक अँटिबायोटिक लागते. आणि बरा झालेल्या मुलाची श्रवणचाचणी महिन्याच्या आत करा, कारण या रोगानंतर कानातल्या शंखात हाड भरू शकते आणि उशीर झाला की इम्प्लांट बसवणेही अवघड होते.

आता सरकारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने नोव्हेंबर २०२० मध्ये हा रोग २०३० पर्यंत नमवण्याचा आराखडा मंजूर केला: लशीने टळणारे रुग्ण निम्म्यावर आणायचे, मृत्यू सत्तर टक्क्यांनी घटवायचे. २०३० उंबरठ्यावर आले. आमच्या मागण्या पाच आहेत आणि पाचही एका शासन निर्णयात मावतील. पानथरी काढलेला एकही रुग्ण लशींची नोंद वा लशींची तारीख लिहिल्याशिवाय घरी जाता कामा नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या ऑपरेशनच्या खर्चातच लशींचा खर्च धरा. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या प्रत्येक कार्डावर लशींचा रकाना छापा आणि तो भरण्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाका. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोठ्या माणसांच्या लसीकरणाची एक खोली आणि शीतपेटीत या लशी ठेवा. रुग्ण थोडे आहेत म्हणून त्यांना विसरायचे नसते. आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी इतकी सुधारा, की जंतू आढळला नाही हे उत्तर देण्याची लाज वाटेल.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणणार? हजच्या शिबिराला आणता तिथून आणा! ती यंत्रणा वर्षातून काही आठवडे राबते. उरलेले महिने तीच यादी, तीच पेटी, तीच सिस्टर या माणसांसाठी राबू द्या. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांना २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचा दर्जा दिला आहे. ही माणसे भिक्षा मागत नाहीत, हक्क मागत आहेत. तो मागण्यासाठी त्यांच्याकडे व्हिसा नाही, म्हणून त्यांच्या वतीने आम्ही मागतो.

मुळशीच्या त्या तरुणाला डॉक्टरांनी लशींची नावे लिहून दिली. भावाने किंमत विचारली, ऐकली, आणि कागदाची घडी घालून डिस्चार्ज कार्डात ठेवली. ‘‘पहिला पगार झाला की येतो,’’ म्हणाला. तोवर ताप येऊ नये, एवढीच त्याच्या जिवाची हमी! ‘तेलकट-तिखट वर्ज्य’ लिहायला त्या कार्डावर जागा होती. तिच्याखाली आणखी एक ओळ सहज मावते. ती लिहा, आणि लिहिलेली लस त्याच दारात फुकट टोचा.